दारावरची फीत

दोन्या ओतिलियाच्या दारावर काळी फीत होती तोवर त्या दारासमोर आम्ही कधी वाजवलं नाही. नाताळात आमची पर्रांदा निघते. गाणारे-वाजवणारे जमतात, न सांगता एकेकाच्या दाराशी दबकत जातात आणि इशारा झाला की एकदम धडाका उडवतात. घरच्यांनी झोपेचं सोंग टाकून दार उघडायचं, सगळ्यांना खाऊ घालायचं आणि मग स्वतःही टोळीबरोबर पुढच्या घरी निघायचं. तिसऱ्या मजल्यावर आलो की मात्र मोन्से आपल्या क्वात्रोच्या, त्या छोट्या गिटारीच्या, तारांवर पंजा ठेवायचा, मी माझे खुळखुळे छातीशी धरायची आणि आम्ही तिच्या दारावरून मुकाट्याने पुढे जायचो. आत एक बाई दुखवटा पाळतेय, तिचा मान राखायला नको? मान राखल्याच्या समाधानात वरच्या मजल्यावर आम्ही दुप्पट जोरात वाजवायचो.

मी कार्मेलिना. ओतिलियाच्या समोरच्याच दारात राहते; दोन्या हे आमच्यात वयस्क बाईला मानाने म्हणतात. जन्मभर कोटांच्या कारखान्यात बाह्या जोडल्या, लग्न केलं नाही, आणि माझी जीभ कात्रीसारखी आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. पण समोरच्या दाराआड काय चाललं होतं ते या जिभेने कधी विचारलं नाही, आणि ओतिलियाने ते मला सांगितलं तेव्हा तिची बॅग भरून झाली होती.

आमच्या गल्लीतली निम्मी माणसं दूर दक्षिणेतल्या आमच्या बेटावरच्या एकाच डोंगरातून फिलाडेल्फियाला आलेली. डोंगर सुटला, त्याच्या रीती सुटल्या नाहीत. माणूस गेलं की घरचे दाराला काळी फीत लावतात. ती आहे तोवर त्या घरात रेडिओ नाही, गाणं नाही, पर्रांदा नाही. वर्ष झालं की ती काढायची, पण घरच्यांनी नव्हे. घरच्यांनी काढली तर गेलेल्या माणसाला हाताला धरून बाहेर काढल्यासारखं होतं. मृत्यूनंतर बाहेरचं जे माणूस सगळ्यात आधी उंबरा ओलांडून आत आलं असेल, त्यानेच यायचं आणि आपल्या हाताने फीत उतरवायची. त्याला बोलवायचं नाही, आठवण करून द्यायची नाही. सांगून काढली तर ती मोजत नाहीत, फीत दारावरच आहे असं धरतात.

जुन्या घरांत या सगळ्याला काही अडचण नव्हती. एकाला एक लागून घरं, मधे एकच भिंत. शेजारी शिंकला तर आपण इकडून ‘जीसस’ म्हणायचं. कोण कुणाकडे आधी धावलं हे साऱ्या गल्लीला ठाऊक असायचं. मग गल्लीत महागड्या कॉफीची दुकानं आली आणि त्यांच्या मागोमाग नवे भाडेकरू. घरमालकांचे डोळे फिरले. निम्मी गल्ली उठली. उरलेल्यांना ‘एल अलेरो’ने धरून ठेवलं. अलेरो म्हणजे वळचण. आमच्यातल्याच काही लोकांनी चर्चच्या तळघरात काढलेली संस्था ती. त्यांनी मोज्यांचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात घरं केली, ज्याची जशी कमाई तसं भाडं. मी त्या संस्थेला नावं ठेवणार नाही. तिच्यामुळे माझ्या डोक्यावर छप्पर आहे, गरम पाणी आहे, लिफ्ट आहे. फक्त भिंती जाड आहेत आणि दारं लोखंडी. आत कुणी रडलं तरी बाहेर कळत नाही.

ओतिलियाचा नवरा बाउदिलिओ तिथेच गेला, भर सकाळी, न्हाणीघरात, आतून कडी लावून. ती हाका मारून दमली आणि तिने खाली संस्थेच्या ऑफिसात फोन लावला. इमारतीचं सगळं बघायला संस्थेने नेरेइदा नावाची मुलगी ठेवली आहे. मुलगी म्हणजे मला मुलगी, तिशी ओलांडलेली. ती जिना चढत पळत आली, कडी तोडली, आणि मग जमिनीवर बसून ओतिलियाचा हात धरून राहिली. अँब्युलन्सवाले आले ते नंतर. आम्ही शेजारी आलो ते त्यांच्या गाडीचा आवाज ऐकून. त्यामुळे पहिलं कोण आलं हे एकट्या ओतिलियाला ठाऊक होतं. आम्हाला वाटलं, पहिले ते गणवेशवाले आणि नेरेइदा त्यांना वाट दाखवायला आलेली. आणि गणवेशवाले काही शेजारी नव्हेत, म्हणजे मान आमच्यापैकीच कुणाचा तरी.

नेरेइदाची आई समुद्राकाठच्या गावची आणि स्वतः नेरेइदा इथलीच जन्मलेली. तिला आमची रीत कशी ठाऊक असणार? दारावर काही लावायचं नाही असा इमारतीचा नियम आहे, आगीच्या भीतीमुळे. माझी नाताळाची माळ तिने दुसऱ्याच दिवशी उतरवायला लावली होती. पण ही फीत तिने पाहिली, क्षणभर थांबली आणि काही न बोलता निघून गेली. तिच्या मते ती माया करत होती.

वर्ष झालं. ओतिलियाने त्या दिवशी घर पुसलं, कॉफी चढवली आणि दारामागे खुर्ची टाकून बसली. नेरेइदा आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही.

आणि आम्ही? आम्ही खाली कपडे धुण्याच्या खोलीत चर्चा करत होतो.

“मोन्से, वर्ष होऊन गेलं. तू काढत का नाहीस?” मी विचारलं.

“मी? मी कशाला? मला वाटलं तू आधी गेलीस. समोर राहतेस की!”

“समोर राहते म्हणजे काय दाराला कान लावून बसते? पाद्रीबाबा असतील.”

“ते तर संध्याकाळी आले.”

“मग तिला विचार ना.”

“तू विचार. तुझी जीभ मोठी.”

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की तिलाच दुखवटा सोडायचा नसेल. काही बायका असतात तशा, जन्मभर काळं नेसणाऱ्या. असं म्हटलं की आपल्यावर काही राहत नाही. आम्ही कपड्यांच्या घड्या घातल्या आणि वर गेलो.

ओतिलियाला तर दुखवटा नकोसा झाला होता. चाळीस वर्षं तिने बाउदिलिओला गाताना ऐकलं होतं, आणि तो बेसूर गायचा. तिला पुन्हा घरात आवाज हवा होता. पर्रांदा यायला हवी होती, बस. पण पर्रांदेला आमंत्रण देत नाहीत आणि फीत काढायला कुणाला बोलवत नाहीत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. तिच्यापुढे एकच वाट होती, त्या मुलीचे हात कसेतरी दारापर्यंत आणायचे.

आधी तिने कॉफीला बोलावलं. नेरेइदा आली, दोन कप प्यायली, जाताना तिने फितीकडे पाहून छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, “दोन्या ओतिलिया, तुम्हाला हवी तितकी वर्षं राहू द्या हं. कुणी काही बोललं तर मला सांगा.”

“देव तुझं भलं करो, पोरी,” ओतिलिया म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग तिने दाराचा रंग उडाल्याची तक्रार केली. नेरेइदाने रंगारी पाठवला आणि त्याला बजावलं की फितीला डाग लागता कामा नये. तो गडी इतका साधा की त्याने फीत उतरवली, रुमालात गुंडाळली, दार रंगवलं, सुकू दिलं आणि फीत पुन्हा होती तिथे, होती तशी लावली. वर टोपी काढून उभा राहिला. ओतिलियाने त्याला खायला घातलं. हे मला सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले, पण मला हसू आवरायच्या आत रडू आलं.

पुढे आग-तपासणीचा माणूस आला, नेरेइदा त्याच्याबरोबर होती. त्याने बोट दाखवून सांगितलं, हे काढा. ओतिलिया दारात उभी होती, ती जागा द्यायला बाजूला सरली. आता ही काढणार, आपल्या हातानेच काढणार! आणि नेरेइदा त्या माणसावर अशी काही तुटून पडली की बोलायची सोय नाही. हे एका विधवेचं दुःख आहे, याला काय आग लागणार आहे, तुम्हाला आई आहे की नाही! तो बापडा कागदावर काहीतरी खरडून निघून गेला. नेरेइदा वळली, तिचे डोळे भरलेले.

“राहिली, दोन्या ओतिलिया. राहिली!”

ओतिलियाने तिला जवळ घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

या सगळ्यात नाताळ येत होते आणि जात होते. आमच्यात पास्तेलेसशिवाय नाताळ नाही. हिरवी केळी किसायची, त्याचं वाटण पानावर पसरायचं, मधे डुकराचं मटण घालायचं, पान दुमडायचं, दोऱ्याने बांधून उकडायचं. ओतिलिया लाल दोरा वापरायची, तिच्या आईकडून आलेली सवय. दर नाताळात ती टोळीला पुरतील इतके पास्तेलेस करायची. पर्रांदेच्या दिवशी चांगला निळा झगा घालायची, वर घरातला जुना गाऊन चढवायची, कारण झोपेतून उठल्याचं सोंग करायचं असतं. मग दिवा मालवून अंधारात बसून राहायची. दाराच्या फटीतून तिला आमची पावलं ऐकू यायची. पर्रांदेत धडाक्याच्या आधी सगळे असेच गप्प होतात ना! ती उठून उभी राहायची. आणि मग वरच्या मजल्यावर वाजायला लागायचं.

नाताळानंतरचा तीन राजांचा सण झाला की ती ते सगळे पास्तेलेस वाटून टाकायची. मला, मोन्सेला, लिफ्टजवळच्या म्हातारीला, सगळ्यांना. “जास्त झाले गं,” म्हणायची. मी म्हणायची, “तुझ्या हाताला माप नाही!” आणि फ्रीजरमध्ये टाकायची. एकट्या बाईने इतके कुणासाठी केले असतील, हे मला एकदाही सुचलं नाही. बाह्या मापून जोडणारी बाई मी!

फ्लोरिडात तिचा मुलगा आहे, विल्फ्रेदो. ‘आई, इकडे ये’ असं तो वडील गेल्यापासून म्हणत होता. ती नको म्हणायची. तिथे घरं एकमेकांपासून लांब, रस्त्यात चालणारं माणूस दिसत नाही, शेजारी त्याच्या गाडीवरून ओळखायचा. ती तिथे एकदा जाऊन आली होती. पण या वर्षी पानं गळायला लागली तेव्हा ती स्वतःच खाली गेली आणि नेरेइदाला म्हणाली, घर सोडते. नेरेइदाने खूप समजावलं. मीही समजावलं.

“इथे काय कमी आहे तुला?” मी म्हटलं. “गरम पाणी आहे, लिफ्ट आहे, समोर मी आहे.”

“हो, तू आहेस,” ती म्हणाली, आणि कपाटातल्या कपबशा कागदात गुंडाळत राहिली.

आता तो दिवस. योगायोग म्हणा किंवा आणखी काही, पर्रांदा त्याच दिवशी संध्याकाळी होती आणि ओतिलियाचं विमान दुसऱ्या सकाळी. इथे आम्ही संध्याकाळीच फिरतो, बेटावरच्यासारखी रात्र जागवत नाही, लोकांना कामावर जायचं असतं. दुपारी मी बाजारातून आले, लिफ्टमधून बाहेर पडले, आणि पिशवी माझ्या हातातून खाली आली.

दार मोकळं होतं. फितीखाली झाकलेला रंग नवाच राहिला होता, फितीएवढा एक पट्टा बाकीच्या दारापेक्षा उजळ दिसत होता.

दार लोटून मी आत गेले. घर रिकामं. पलंग, टेबल, भांडी, सगळं कुणाकुणाला देऊन झालेलं. एक खुर्ची, एक बॅग, खुंटीला निळा झगा. ओतिलिया खुर्चीत बसली होती आणि फीत तिच्या मांडीवर होती, नीट गुंडाळलेली.

“कुणी काढली?” मी विचारलं.

“नेरेइदाने.”

“तिने? तिचा काय संबंध? अगं, काढणारं माणूस...”

“तीच आली होती पहिली,” ओतिलिया म्हणाली.

मी जमिनीवरच बसले. मग तिने मला सगळं सांगितलं, न्हाणीघराच्या कडीपासून रंगाऱ्याच्या टोपीपर्यंत. आणि आज काय झालं तेही. घर परत घेताना दारं, भिंती, खिळे, सगळं तपासून घ्यायचं असतं, नेरेइदा तेच करायला आली होती. भिंतीवरचा खिळा काढला, खिडकीची कडी पाहिली. शेवटी दाराशी थांबली. फीत हळूच उतरवली, तिच्यावरची धूळ फुंकली, बोटाभोवती गुंडाळली आणि ओतिलियाच्या हातात दिली. म्हणाली, “तिकडच्या दाराला लावा. त्यांना सोबत घेऊन जा.”

“मग ही मोजायची की नाही?” मी विचारलं. “ती तर आपलं काम करत होती.”

ओतिलियाने मांडीवरची फीत उलटसुलट करून पाहिली.

“हात तर तिचाच होता,” ती म्हणाली.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण रागवायचं कुणावर? मी म्हटलं, “मग आता जातेस कशाला? राहा. दार मोकळं झालं ना! मी जाते खाली, नेरेइदाला सांगते, ती कागद फाडून टाकेल.”

“हे घर कुणाला दिलंय ठाऊक आहे तुला?” ती म्हणाली. “एका जोडप्याला. तीन लेकरं आहेत, तळघरात राहतात, भिंतींना ओल. काल घर बघून गेले. धाकटी या खोलीतून त्या खोलीत पळत होती, बाहेर यायलाच तयार नाही. आपण दोघींनी किती वर्षं वाट पाहिली होती गं या घरांची? मिळालं म्हणून कळवलेलं घर परत मागायचं?”



“झोप आज लवकर,” मी उठत म्हटलं. “सकाळी निघायचंय.” आणि बाहेर येऊन पहिल्यांदा मोन्सेचं दार बडवलं.

मोन्सेने ऐकून घेतलं. तो पंच्याहत्तरीचा माणूस, पण लहान पोरासारखा तोंडावर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, “तिच्या घरात खायला काय असेल?”

“काही नाही. भांडंसुद्धा नाही.”

“पर्रांदेला दार उघडून खायला घालता आलं नाही तर ती लाजेने मरेल.”

मी घरी आले आणि फ्रीजर उघडला. मागच्या वर्षीचे पास्तेलेस होते, लाल दोऱ्याचे. मोन्सेकडे होते. लिफ्टजवळच्या म्हातारीकडे तर आधीच्या वर्षीचे निघाले, बर्फाने पांढरे झालेले. तेवढे सोडून बाकी सगळे मी मोठ्या पातेल्यात उकडायला घातले. वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. पातेल्यापाशी उभी असताना मी मोठ्याने रडले. जाड भिंतींचा एवढा एक उपयोग झाला.

संध्याकाळी आम्ही वर आलो. सवयीने मोन्सेचा पंजा तारांवर गेला, माझे खुळखुळे छातीशी आले. पण या वेळी कुणी पुढे गेलं नाही. आम्ही त्या उजळ पट्ट्यासमोर उभे राहिलो. आत ती जागी आहे हे मला ठाऊक होतं. तिला आमची पावलं ऐकू आली असणार आणि मग थांबलेलीही कळली असणार. ती काय समजत असेल? माझ्याच्याने ते सहन होईना. मोन्सेला मी कोपराने ढोसलं आणि त्याने हात वर केला.

इतक्या जोरात आम्ही कधी वाजवलं नसेल. रिकाम्या घरात तो आवाज घुमत गेला. एक कडवं झालं, दुसरं झालं. दार उघडेना. मोन्सेचं बोट तारेवर घसरलं, पण तो थांबला नाही. तिसऱ्या कडव्याला कडी वाजली.

तिने निळा झगा घातला होता. वर जुना गाऊन चढवलेला, केस मुद्दाम विस्कटलेले. सगळं रीतीप्रमाणे.

“मेल्यांनो,” ती म्हणाली, “झोपू देत नाही का म्हाताऱ्या बाईला?” रीतीप्रमाणे असंच म्हणतात. पण मग तिने मागे वळून त्या मोकळ्या खोलीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “या, आत या. पण... घरात काहीच नाही रे. आज काहीच नाही.”

“आहे,” मी म्हटलं, आणि पातेलं घेऊन समोरून आले.

सगळे जमिनीवर बसले. मी पहिली ताटली तिच्या हातात दिली. पान सोडवायला ती वाकली आणि थांबली. तिने तो लाल दोरा बोटांत धरला.

“हा माझा आहे,” ती म्हणाली.



तिने शेजारच्या ताटलीकडे पाहिलं, मग पलीकडच्या. सगळीकडे तोच दोरा. ज्यांच्यासाठी केले होते ते समोर बसले होते, आणि जे केले होते तेच त्यांच्या ताटात होतं. फक्त आमची वेळ चुकली होती. मोन्सेने मान खाली घातली. मी तिच्या डोळ्यांत पाहू शकले नाही.

“खा,” ती शेवटी म्हणाली. “गार होतील.” मग पहिला घास घेऊन म्हणाली, “मीठ कमी आहे.”

“तुझ्या हाताला कधी माप होतं?” मी म्हटलं, आणि ती हसली.

खालच्या दालनात मुलांचा खाऊ वाटत असलेली नेरेइदा आवाज ऐकून वर आली. दारात उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. “अगं बाई, निरोपाची पर्रांदा! किती छान!” मी तोंड उघडलं, तेवढ्यात ओतिलियाने माझ्या मनगटावर हात ठेवला. उठून तिने आपली ताटली नेरेइदाला दिली आणि तिच्या दोन्ही हातांचे मुके घेतले, आधी उजव्याचा, मग डाव्याचा. मुलगी लाजून लाल झाली. तिला वाटलं, घराबद्दल आभार मानतायत.

मग रीतीप्रमाणे ओतिलिया आमच्याबरोबर वरच्या मजल्यावर आली. मी माझा एक खुळखुळा तिला दिला. ती वाजवत होती ते तालात नव्हतं. बाउदिलिओसारखंच.

सकाळी टॅक्सी आली. तिने मला मिठी मारली आणि फीत माझ्या हातात ठेवली. “मला तिकडे नको. तिकडे दारावर फीत असली काय, नसली काय, बघणारं कोण आहे?” टॅक्सी वळेपर्यंत मी उभी होते. थंडी मरणाची होती. नेरेइदाही उभी होती, हातात घराच्या किल्ल्या.

मग मी तिला सांगितलं. सगळं, कडीपासून. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

“मी त्या आगवाल्याशी भांडले,” ती म्हणाली. “कार्मेलिनाबाई, मी भांडले हो त्याच्याशी! मला कुणी सांगितलं का नाही?”

“सांगितलं की मोजत नाहीत, पोरी.”

“ही कसली रीत?”

“आमची,” मी म्हटलं. पहिल्यांदाच ते म्हणताना मला अभिमान वाटला नाही.

ती डोळे पुसत राहिली. थोड्या वेळाने माझ्या हातातल्या फितीकडे बघून म्हणाली, “आता मला ठाऊक झालं. पुन्हा चुकणार नाही. तुमच्या वेळी मी...” आणि जीभ चावली.

“माझ्या वेळी काय? बोल की! माझ्या वेळी ती लावणार कोण?” मी म्हटलं. “फीत घरचे लावतात. मला घरचे नाहीत.”

“मी लावीन.”

“तू लावलीस तर तू घरची झालीस. मग काढणार कोण?”

ती किल्ल्या मुठीत घेऊन उठली.  घरी येऊन मी फीत शिवणाच्या डब्यात ठेवली आणि समोरच्या दाराच्या बाजूला पाठ करून दिवसभर बसले. इतकं एकटं मला बाह्या जोडतानासुद्धा कधी वाटलं नव्हतं, आणि तिथे यंत्रांच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नसे.

आठवड्याभरात ते कुटुंब आलं. गाद्या, खोकी, एक सायकल. धाकटीचं ओरडणं मला लिफ्टपासून ऐकू येत होतं, मग लोखंडी दार बंद झालं आणि सगळं शांत झालं. माझ्या फ्रीजरमध्ये तळाशी लाल दोऱ्याची एकच जोडी उरली होती, पातेल्यात मावली नव्हती ती. मी उकडली. चांगल्या ताटलीत मांडली, काचेच्या, जिला मी कुणाला हात लावू देत नाही.

मग समोर जाऊन दार वाजवलं. आमच्यात ताटली रिकामी परत करत नाहीत आणि दुसऱ्याच्या हातीही पाठवत नाहीत, स्वतः जाऊन देतात. ते कुठल्या गावचे आहेत मला ठाऊक नाही. त्यांना ही रीत माहीत नसेल, तर या वेळी मी गप्प बसणार नाही, तिथल्या तिथे सांगेन.